तीन किलोंत दोन वर्षं

हफ्साच्या तीस किलोच्या बॅगेत शेवटी हफ्साची एकही वस्तू गेली नाही. पण तसं काही झालंच नाही, असं तिच्या अम्मीचं, सायराचं, म्हणणं आहे. आणि सायराशी वाद घालून रोह्यात आजवर कोणी जिंकलेलं नसल्यामुळे आपणही तसंच धरून चालू.

तर बॅग अजून रिकामी आहे. इकबालमामू लटकवायचा काटा हातात घेऊन पलंगावर बसले आहेत. बावीस वर्षं मस्कतला काढून आलेला माणूस. बॅगेत काय भरावं, यावर मोहल्ल्यात त्यांचाच शब्द शेवटचा. हफ्सा उद्या मस्कतच्या एका शाळेत गणित शिकवायला निघाली आहे, दोन वर्षांच्या करारावर. तिथे ती कोणालाही ओळखत नाही. ही गोष्ट सायराने महिन्यापूर्वी एकदाच बोलून दाखवली होती. नंतर विषय काढला नाही. फक्त तेव्हापासून ती फोनवर फार असायची.

हफ्साने पहिली वस्तू पुढे केली. फळ्यावर वर्तुळ काढायचा लाकडी कंपास. त्याच्याशिवाय तिचं वर्तुळ बटाट्यासारखं येतं, आणि हे दहावीच्या सहा बॅचेसना माहीत आहे. मामूंनी कंपास काट्याला लावला. सहाशे ग्रॅम.

"ऱ्हाऊ दे तो," सायरा म्हणाली. "आधी लोकांचं भर."

लोकांचं म्हणजे पार्सलं. आखातात कोणी निघालं की त्याच्या हातून दहा घरांचं सामान जातं, आणि त्याला नाही म्हणायची पद्धत नाही. एरवी गोळ्यांची पाकिटं येतात, मसाल्याची पुडी येते. यंदा लोकांना काय झालं होतं कोण जाणे. हफ्साच्या मरहूम अब्बांबरोबर धाटावच्या कारखान्यात शिफ्ट केलेल्या महिपतीकाकांनी मुलासाठी दगडी वरवंटा पाठवला. पाटा त्याला तिकडे मिळाला होता म्हणे. पाच किलो कडवे वाल आले. चिनीमातीची एक जाडजूड बरणी आली, तिच्यात लोणच्याच्या चार फोडी. रघू शिंप्याने भावासाठी इस्त्री पाठवली. कोळशाची.

पेणहून वैशाली मॅडम आल्या. त्या हफ्साच्याच शाळेतल्या. त्यांचा भाऊ नितेश मस्कतला असतो. त्याच्यासाठी शाडूचा गणपती होता, खोक्यात, पेंढ्यात बसवलेला. गणपती कसा भरायचा हे पेणच्या माणसाला शिकवता येत नाही, त्यामुळे मामू त्या दिवसात पहिल्यांदाच गप्प बसले. चार किलो. तो हातातल्या बॅगेतून न्यायचं ठरलं. हातातली बॅग सात किलोंची. उरलेल्या तीन किलोंत हफ्साची दोन वर्षं बसवायची होती.

मामूंना राहवेना. बावीस वर्षांत असली पार्सलं आपण पाहिली नाहीत, पोरीचे कपडे तरी जाऊ देत, असं ते म्हणाले.

"तू नेलेस की कपडे," सायरा म्हणाली. "पहिली ईद बिस्किटं खाऊन काढलीस."

मामूंनी निमूटपणे इस्त्री काट्याला लावली. सायराने प्रत्येक पार्सलला चिठ्ठी चिकटवली. नाव, फोन नंबर आणि खाली एक तारीख. कंपास कपाटावर राहिला.

मुंबईच्या विमानतळावर साहेबांनी बॅग उघडायला लावली. वरवंटा पाहिला, इस्त्री पाहिली, बरणी हलवून पाहिली. काय करता, विचारलं. शिक्षिका आहे, हफ्सा म्हणाली. साहेबांनी बॅग स्वतःच्या हाताने बंद करून दिली.

मस्कतच्या नव्या वर्गाला मंगळवारपर्यंत बटाट्याचा शोध लागला. पोरं हसली. हफ्साही हसली. गुरुवारी संध्याकाळी खोलीवर आल्यावर मात्र हसायला दुसरं कोणी नव्हतं. तिने अम्मीला फोन करून, सगळं छान आहे, असं सांगितलं. बिस्किटांचा पुडा तिच्या मांडीवरच होता.

शुक्रवारी, सुट्टीच्या दुपारी, बेल वाजली. दारात नितेश, त्याची बायको भूमिका आणि चार मजली डबा. गणपती न्यायला आलोय, असं म्हणाले आणि पाच वाजेपर्यंत बसले. नितेश पूर्वी डोलवीच्या कारखान्यात कामाला होता. त्याने तिथल्या कँटीनच्या डाळीची नक्कल करून दाखवली. डाळीची नक्कल करता येते, हे हफ्साला त्या दिवशी कळलं.

निघताना त्याने गणपती दोन्ही हातांत घेतला.

"ताई पापडच देणार होती," तो म्हणाला. "पण तुमच्या आईंचा फोन आला. म्हणाल्या, काय पण दे गो वैशाली, पण जड दे. हलकं सामान न्यायला माणसं येत नायत."

ते गेल्यावर हफ्साने उरलेली पार्सलं ओळीने मांडली आणि चिठ्ठ्यांवरच्या तारखा पहिल्यांदा नीट वाचल्या. दहा तारखा, दहा शुक्रवार, एकही सुटलेला नाही. आजचा धरून अकरा.

शेवटची तारीख इस्त्रीवर होती. हफ्साने इस्त्रीचं झाकण उघडलं. आत, कोळशाच्या जागी, घडी घातलेला कागद होता. अक्षर सायराचं.

"मा. मुख्याध्यापक, मस्कत यांस. अर्जदार: सायरा, राहणार रोहा. विषय: बारावा शुक्रवार. आपल्याकडील शिक्षिका हफ्सा हिचा लाकडी कंपास (वजन सहा किलो) इकडे राहिला आहे. तो दुसऱ्या कोणाच्या हाती देता येत नाही. तरी तो नेण्यासाठी बाराव्या शुक्रवारी तिला दुपारच्या जेवणाला रोह्यास सोडावे. रविवारी पहिल्या तासाच्या आत परत पोचवू, ही नम्र विनंती."