आडवी फांदी

“घ्या बिरूदादा, तुमच्यामुळं पहिलं बक्षीस मिळालं!” फोटोग्राफर साहेबांनी काचेतला फोटो बिरूच्या हाती दिला.

उजाड डोंगरावरची काटेरी बोर, तिच्यात काड्याकाड्यांचं घरटं, आणि घरट्याच्या तोंडाशी अळी घेऊन आलेली मूठभर पाखरीण. आत तीन चोची वासलेल्या.

बिरूची नजर मात्र कडेच्या पांढऱ्याफटक खुंटावर खिळली. “तेवढी आडवी फांदी काढा, उजेड येऊ द्या,” असं साहेबांनी सांगितलं, तेव्हा शेरडांसाठी डहाळे तोडावेत तसा त्यानं सवयीनं कोयता घातला होता. घरटं उघडं पडलं. साहेबांची गाडी डोंगर उतरली आणि कावळे आले. शेरडं वळवताना बिरूनं पाहिलं, तर पाखरीण चोचीत अळी धरून त्याच खुंटावर बसली होती. भरवायला कुणी उरलं नव्हतं.

“पिल्लं उडाली असतील ना एव्हाना?” साहेबांनी कौतुकानं विचारलं.

 बिरूनं फोटो परत दिला.

“झ्याक हाय, साहेब. पण ह्यात कावळं न्हाईत. आन् आपुन दोघं बी न्हाई.”