सात टक्क्यांची उसळी

सात टक्क्यांची वाढ आली आणि नॉर्बर्ट केसलला ती खरी वाटेना.

बाहेर प्रचार कार्यालयात आनंदीआनंद होता. गुरुवारी पक्षाचं अधिवेशन संपलं, छतावरून हजारो फुगे पडले, आणि रविवारी दुपारपर्यंत राष्ट्राध्यक्ष हॅडली मतचाचणीत सात टक्के वर. सगळं श्रेय उपाध्यक्षपदाच्या नव्या उमेदवाराला, विस्कॉन्सिनच्या गव्हर्नर ग्रेटा लिंडहोम यांना. कुणीतरी डोनटच्या खोक्यावर मार्करनं भला मोठा सात काढून ठेवला होता. येणारा-जाणारा नॉर्बर्टच्या पाठीवर थाप मारत होता, जणू ते सात टक्के त्यानंच घरून करून आणले होते.

नॉर्बर्ट राष्ट्राध्यक्षांचा मतचाचणीवाला. प्रत्येक चाचणीच्या शेवटी तो एक निरुपद्रवी प्रश्न घालायचा: गेल्या निवडणुकीत तुम्ही कुणाला मत दिलं होतं? त्या उत्तराकडे सहसा कुणी बघत नसे, तोही नाही. शुक्रवारी त्यानं बघितलं. जूनमध्ये शंभरातले सत्तेचाळीस हॅडलींचं नाव सांगत होते. आता त्रेपन्न. फुगे आणि भाषणं येत्या नोव्हेंबरचं मत बदलू शकतात. चार वर्षांपूर्वीचं कसं बदलतील?

म्हणजे मतं बदलली नव्हती. फोन उचलणारी माणसं बदलली होती. ज्यांच्या पक्षाचा सोहळा चालू असतो ते हौसेनं बोलतात. टीव्हीवर तो बघून ज्यांचं तोंड कडू झालेलं असतं, ते फोन आपटतात. खात्री करायला त्यानं शनिवारभर जूनमधल्याच माणसांना पुन्हा फोन लावले. सहाशे जण बोलले. मन बदललेले निघाले अकरा. सहा इकडे आलेले, पाच तिकडे गेलेले. निव्वळ कमाई एक, तोही ओमाहाचा दंतवैद्य, आणि तोही म्हणाला की अजून विचार चालू आहे.

हे नुसतं गमतीचं असतं तर नॉर्बर्टही डोनट खात बसला असता. पण चार वाजता बैठक होती. ग्रेटाबाईंमुळे विस्कॉन्सिन आता खिशात आलं, तेव्हा तिथले दोनशे कार्यकर्ते सोमवारी ॲरिझोनाला पाठवायचे, असं ठरत आलं होतं. विस्कॉन्सिन केसाच्या अंतरावर लोंबकळतंय हे नॉर्बर्टला दिसत होतं. माणसं काढली की राज्य गेलं, आणि राज्य गेलं की निवडणूक गेली.

साडेतीनला तो रोझलिन पेत्रुचीच्या खोलीत गेला. ती प्रचारप्रमुख होती आणि प्लास्टिकच्या डब्यातून सकाळचं सॅलड आत्ता खात होती. त्यानं सगळं सांगितलं. तिनं वाद घातला नाही, उलट दंतवैद्याचं वय विचारलं.

"म्हणजे कुणीच हललं नाही," ती म्हणाली.

"कुणीच नाही. अधिवेशनानंतरच्या आठवड्यात हे असंच होत असणार. विरोधकांचंही आणि आपलंही."

"विरोधकांचंही." रोझलिननं काटा खाली ठेवला. "मग जुलैत आपण आठनं पडलो, ते?"

नॉर्बर्ट समोरच्या खुर्चीत बसला.

जुलैत विरोधकांचं अधिवेशन झालं आणि त्याच आठवड्यात हॅडली आठ टक्क्यांनी घसरले. कार्यालयात सुतक पडलं. एवढं पडलो म्हणजे कुणामुळे तरी पडलो असणारच, आणि त्याच पदासाठी पुन्हा उभा असलेला उपाध्यक्ष ल्यूथर एम्स हाताशीच होता. वय चौऱ्याहत्तर, भाषणं लांबलचक. ल्यूथर ऐकेल तर नॉर्बर्टचंच, वीस वर्षांची दोस्ती आहे, म्हणून चाचणीचे कागद घेऊन नॉर्बर्टलाच त्याच्या घरी धाडलं. ल्यूथरनं आकडे दोनदा वाचले. मग म्हणाला की आकडेच असं म्हणत असतील तर प्रश्नच मिटला. दुसऱ्या दिवशी त्यानं तब्येतीच्या कारणास्तव उमेदवारीतून माघार घेतली. रोज सकाळी मैलभर पोहणारा माणूस.

जुलैच्या कागदांतला तो शेवटचा प्रश्न नॉर्बर्टनं कधी उघडून बघितला नव्हता. आता बघायची गरज उरली नव्हती. त्या आठवड्यात विरोधकांचे मतदार बोलत होते आणि आपले फोन आपटत होते, इतकंच.

"तेही खोटं," तो म्हणाला.

रोझलिननं सॅलडचा डबा बंद केला. मग तिनं सांगितलं की बैठकीत सगळं बोल, मी आडवी येणार नाही, ॲरिझोनाच्या हुकमावर अजून सही केलेली नाही. दाराशी पोचल्यावर तिनं पुढचं सांगितलं: बैठकीला ल्यूथरही येतोय, हॅडलीसाहेबांनी मुद्दाम बोलावलंय.

चार वाजता नॉर्बर्ट फाइल छातीशी धरून बसला. ल्यूथर आला, सगळ्यांशी हात मिळवले आणि नेमका त्याच्याच शेजारची खुर्ची ओढली. चेहरा उतरला होता, पण टाय नवा होता.

"सात म्हणे?" तो वाकून हळूच म्हणाला. "खरं सांगू, नॉर्बर्ट? महिनाभर वाटत होतं, उगाच गेलो. बायको तर घरात तुझं नाव काढू देत नाही. आज सकाळी तिला म्हटलं, बघ बाई, सात. त्याचं चुकलं नव्हतं."

रोझलिननं टेबलावर बोट वाजवलं. "नॉर्बर्टला काहीतरी सांगायचं आहे."

चौदा माणसं त्याच्याकडे वळली. ल्यूथरनं ऐकायला कान पुढे केला.

नॉर्बर्टनं फाइल उघडली, पहिलं पान बघितलं आणि मिटली.

"सात," तो म्हणाला. "विस्कॉन्सिनची माणसं उद्याच हलवा."