किनार निघेपर्यंत

बाबा हातमागावर साड्या विणत आणि त्यांच्या करवती किनारी जुन्या घरगुती कॉम्प्युटरवर आखत. तो कॉम्प्युटर मुलखाचा मंद. बाबा गेल्यावर धनश्रीनं त्यातली प्रोसेसरची चिप काढून जास्त वेगाची बसवली आणि आईला हौसेनं पडद्यासमोर आणलं. बटण दाबताच बाबांची शेवटची किनार झर्रकन उमटली. “झाली बी?” आईनं विचारलं. “मग काय वं आई. आधी अर्धा घंटा लागायचा.” आई पडद्याकडे बघत राहिली. “दिवसभर त्याईची मान मागावरून उठत नव्हती. किनार निघेपर्यंत मात्र हात रिकामे राहत. तेवढा वेळ माझ्यासंग चहा पेत, बोलत.” धनश्रीनं पेचकस उचलला. “जुनी चिप आहे माझ्याजवळ. आत्ता परत लावून देते.” आईनं तिचा हात धरला. “राहू दे वं पोरी. आता बोलणारं कोण हाय?”