मालकिणीचा ब्रश

मालक स्वतः राहत असेल तरच घरातल्या खोल्या पर्यटकांना भाड्याने देता येतील, असा नगरपालिकेने नियम काढला आणि मुलाला आईची आठवण झाली. घर तिच्याच नावावर होतं. सकाळीच त्याने तिला वृद्धाश्रमातून उचलून आणलं. तिच्या खोलीत पाहुण्यांच्या बॅगा होत्या, म्हणून जिन्याखाली कॉट टाकली होती. “विचारलं तर इथेच राहते म्हण,” त्याने बजावलं. तपासनीस आला. कॉट बघून तो बाथरूममध्ये शिरला आणि ग्लासातला कोरा करकरीत ब्रश घेऊन आला. “आजी, हा कुणाचा?” म्हातारीच्या तोंडात एकही दात नव्हता. तपासणीसाठी ब्रश विकत आणून ठेवणाऱ्या मुलाने तिच्याकडे धड बघितलंच नव्हतं. “माझाच,” ती तोंडावर हात धरून म्हणाली. तपासनिसाने शिक्का मारला. मुलाने गाडीची किल्ली उचलली. “पुढची तपासणी कधी, साहेब?” म्हातारीने विचारलं. “वर्षभराने.” “जरा लवकर नाही जमणार?”