अकरा सह्या

अकोल्यातला तो फ्लॅट संघपालला यशोधननंच दाखवला. दोघं पंधरा वर्षं एकाच शाळेत शिकवत होते आणि यशोधन त्याच बिल्डिंगमध्ये राहायचा. "आता रोजचा चहा तुह्याच घरी, वहिनीले सांगून ठेव," असं म्हणाला होता. संघपालच्या बायकोनं, दीपमालानं तर खिडक्यांची मापं घेऊन पडदेही शिवून ठेवले.

रजिस्ट्रीच्या आदल्या दिवशी फ्लॅटच्या मालकीण ताराकाकूंनी संघपालला बोलावलं आणि खाली मान घालून एक कागद पुढे केला. बौद्ध कुटुंबाला फ्लॅट विकू नये, असं बिल्डिंगवाल्यांनी लिहून दिलं होतं.

"मी एकटी बाई, भाऊ. साऱ्यायच्या विरोधात कशी जाऊ?"

संघपालनं खालच्या सह्या एकेक करून वाचल्या. अकरा होत्या. यशोधनची नव्हती. संघपालचा जीव भांड्यात पडला. घर गेलं तर गेलं, दोस्त तरी आपला निघाला.

कागद परत देताना त्याची नजर सह्यांच्या वरच्या मजकुरावर गेली.


अक्षर यशोधनचं होतं.