ओठांवरचे दोन शब्द

मास्तरांच्या गळ्यातल्या नळीत पुन्हा खरखर सुरू झाली, तशी मशीनवाल्या ताईंनी हातमोजे चढवले. "वहिनी, तुम्ही डोकं धरा," त्या मास्तरीणबाईंना म्हणाल्या आणि बटण दाबलं. मशीन घुरघुरू लागलं.

कफ ओढायचं ते मशीन ताईंचंच. त्यांच्या घरचं माणूस गेलं आणि ते कोपऱ्यात पडून राहिलं. मास्तरांना दवाखान्यातून घरी आणलं, तेव्हा ओळखीओळखीतून ते या घरी आलं. पाठोपाठ ताई आल्या, कसं वापरायचं ते दाखवायला. दाखवून झालं, मास्तरीणबाईंचा हात बसला, तरी दुपार झाली की त्या यायच्याच. दारात चपला काढताना म्हणायच्या, "सहज आले हो." मास्तरीणबाईंनी कधी खोदून विचारलं नाही. घरात बोलणारं दुसरं माणूस असलं की त्यांनाही बरं वाटायचं.

बारीक नळी मास्तरांच्या गळ्यातल्या भोकातून आत सरकली. त्यांची छाती उसळली, चेहरा लालबुंद झाला. ताईंनी स्वतःचा श्वास रोखून धरला होता. आपल्याला गुदमरलं की नळी बाहेर काढायची, हे त्यांनीच मास्तरीणबाईंना शिकवलं होतं. नळी बाहेर आली. चिकट कफ बाटलीत जाऊन पडला. वाटीतलं स्वच्छ पाणी ओढून ताईंनी नळी धुतली, मशीन बंद केलं, आणि खोलीत एकदम शांत झालं.

मास्तरांचे ओठ हलले.

"पडदा ओढ म्हणतायत. डोळ्यांवर ऊन येतंय," म्हणत मास्तरीणबाई उठल्या.

"तुम्हाला कसं हो सगळं कळतं?"

"न कळायला काय झालं? जन्मभर वर्गात ओरडले, उरलासुरला आवाज घरी घेऊन आले. आता आवाज गेला, पण तोंड तेच आहे ना!"

मास्तरही ओठ वाकडे करून हसले. ताई मात्र हसल्या नाहीत. हातमोजे काढून ते उगाच चुरगाळत राहिल्या.

"वहिनी, एक काम होतं. खरं तर त्यासाठीच येते मी. रोज विचारीन विचारीन म्हणते आणि तशीच परत जाते."

"अहो, बोला की."

"हे मशीन माझ्या थोरल्या जावेचं. आमचा अबोला होता. एका घरात राहून, वर्षानुवर्षं. कशावरून, ते सांगण्यासारखं नाही. तिला नळी बसली आणि करायला मीच तेवढी उरले. शेवटच्या दिवशी मी नळी आत घालणार, तेवढ्यात तिने माझं मनगट धरलं. काहीतरी म्हणाली. माझ्याकडे बघून, दोनदा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोलली हो माझ्याशी, आणि मला ते कळलंच नाही. मी आपलं 'हो, हो' म्हटलं." ताईंनी हातमोजे बाजूला ठेवले. "आता जरा डोळा लागला की ते तोंड समोर येतं. नुसतं तोंड. मी करून दाखवते. तुम्ही बघून सांगाल?"

"अहो, पण मला कसं..."

ताई खुर्चीत मागे रेलल्या होत्या. त्यांची मान एका अंगाला कलली. गाल आत ओढले गेले, डोळे मोठे झाले. बघता बघता तो चेहरा त्यांचा राहिला नाही. आजवर कधी न पाहिलेली कुणी बाई ताईंच्या खुर्चीत बसून मास्तरीणबाईंकडे टक लावून बघत होती. तिचे ओठ मिटले, उघडले, बाजूंना ताणले. मग पुन्हा एकदा, तस्सेच.

बास कर.

मास्तरीणबाईंना विचार करावा लागला नाही. हे ओठ त्यांच्या रोजच्या बघण्यातले होते. गेला आठवडाभर त्यांनी नळी हातात घेतली की मास्तर त्यांच्याकडे बघून हेच म्हणायचे, आणि त्या "झालंच हं, झालंच" करत बटण दाबायच्या.

त्यांनी पलंगाकडे नजर जाऊ दिली नाही.

"माफ कर म्हणाल्या," त्यांनी सांगितलं.

ताई सावरून बसल्या. चेहरा पुन्हा त्यांचा झाला. "काय?"

"मला माफ कर, असं. आधी ओठ मिटले ना? तोच म."

"नक्की?"

"अगदी स्वच्छ दिसलं."

ताईंनी आपलं मनगट चाचपलं. मग म्हणाल्या, "म्हणजे मी हो म्हटलं, ते बरंच झालं."

"बरंच झालं."

ताईंनी मोरीवर जाऊन तोंड धुतलं, पदराने पुसलं. पायांत चपला सरकवताना मास्तरीणबाईंचा हात क्षणभर घट्ट धरला. उद्या येते, असं म्हणाल्या नाहीत. जिना उतरणारी त्यांची पावलं हलकी वाजत होती.

मास्तरीणबाईंनी कडी लावली. मग आत आल्या.

मास्तर जागेच होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. त्यांनी बायकोकडे बघितलं आणि वर्गातल्या मठ्ठ पोराला समजवावं तसे, सावकाश, एकेक अक्षर सुटं करत, ओठ मिटले, उघडले, ताणले.

मास्तरीणबाईंनी त्यांच्या अंगावरची चादर नीट केली.

"काय म्हणालात?" त्या म्हणाल्या. "मला नाही कळलं."