थुंकीनं चिकटवलेली हडळ

सिनेमाच्या जुन्या जाहिरातीतल्या हडळीचे ओठ काल चार मिलिमीटर उघडे होते, आज सहा. शिवांजलीनं मोजपट्टी पुसली, तरी बोटांना चिकट ओल राहिलीच.

तिचे सासरे भाऊसो तासगावच्या टॉकीजचे जुने डोअरकीपर. भुताच्या सिनेमांच्या जाहिराती ते वर्तमानपत्रातून कापून वहीत चिकटवत.

"खळ संपली तवा ही एकच थुकी लावून चिकटवली," ते म्हणाले.

चाळीस वर्षांपूर्वीची थुंकी अजून ओली होती. तिचा आंबूस वास खोलीभर पसरला होता. पाळण्यातली तान्ही सोनम त्या पानाकडे बघून ओठ चाटत होती.

"आवं मामा, पोर झाल्यापासून वही जाळायचं उद्या-उद्या करताय. आता सांगा, जाळू का?"

भाऊसोंनी तोंड घट्ट मिटलं.

"जाळ, पोरी," भाऊसोंचाच आवाज पानावरच्या हडळीच्या ओठांतून आला.